लेन्स बिघडली? आधी कप तपासा : कॉन्टॅक्ट लेन्स मोल्डिंगमधल्या या चुका टाळा

ट्रेच्या पाचव्या खणातली लेन्स तीन दिवस सलग रिजेक्ट होत होती. इन्स्पेक्शनवरच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, पाच नंबर बघा एकदा, मधोमध ओरखडे दिसताहेत." आम्ही काय केलं? लिक्विडची बाटली बदलली. यूव्ही दिवे तपासले. हायड्रेशनचं, म्हणजे लेन्स फुगवायचं, पाणी बदललं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि नाशकात सोमेश्वर गंगापूर रोडलाच असल्यामुळे बंब तिकडे न्यायला वेळही लागत नाही. चौथ्या दिवशी अंबडच्या शेडमध्ये मोल्ड उतरवला, पाच नंबरचा इन्सर्ट (मोल्डमधला आकार देणारा धातूचा तुकडा) बाहेर काढला आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरला. त्यावर केसाहून बारीक, कमानीसारख्या रेषा.

मेंटेनन्सच्या पोराला विचारलं तर तो उलट खुशीत म्हणाला, "दादा, मी तर चमकवून ठेवला होता." खरंच चमकवला होता. धुतलेल्या बनियनची मऊ चिंधी घेऊन, गोल गोल, अगदी मनापासून. त्याला काय बोलणार? तो आला होता गाड्यांचे प्लास्टिक पार्ट काढणाऱ्या कारखान्यातून, आणि मीही सातपूरला पंधरा वर्षं तेच केलं होतं. तिथे डाय पुसली की काम झालं. इथे पुसण्यानेच काम बिघडतं.

नाशकात मोल्डिंग जाणणारी माणसं ढिगाने मिळतात. सातपूर, अंबड, सिन्नर, कुठेही जा. पण गाडीच्या पार्टवर बसलेला हात लेन्सवर आला की तो नेमक्या त्याच त्या चुका करतो. मीही केल्या आहेत, म्हणून लिहितोय.

कप म्हणजे माल नव्हे, हत्यार

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धातूचा इन्सर्ट हिऱ्याच्या टोकाने टर्न केलेला असतो; बहुतेक वेळा वर निकेलचा थर असतो आणि त्या थरावरच टर्निंग होतं. त्या इन्सर्टवर पॉलिप्रॉपिलीनचे छोटे कप इंजेक्शन मोल्डिंगने निघतात. फीमेल कप लेन्सची पुढची बाजू घडवतो, मेल कप डोळ्याला टेकणारी मागची. फीमेलमध्ये थेंबभर लिक्विड मोनोमर (लेन्सचं कच्चं रसायन) सोडायचं, वरून मेल बसवायचा, यूव्हीखाली किंवा उष्णतेने पिकवायचं, म्हणजे घट्ट करायचं, कप उघडून लेन्स सोडवायची, सलाइनमध्ये फुगवायची, तपासायची, पॅक करून ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्याला) लावायची. एका लेन्सला दोन कप लागतात, आणि लेन्स सुटली की ते दोन्ही कप भंगारात.

भंगारात जातो म्हणून कपाला कोणी किंमत देत नाही. इथेच गाडं फसतं. कप हा एका शॉटचं आयुष्य असलेला साचाच आहे. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर जे असेल ते सगळं लेन्स उचलते. गाडीच्या पार्टचं पॉलिश आपण मायक्रॉनमध्ये बोलतो, इथे हिशोब नॅनोमीटरचा आहे. त्यामुळे इन्सर्टला कापड नको, कॉटन वेस्ट नको, अंगठा तर नकोच नको. फिल्टर केलेल्या हवेचा झोत द्या. त्याने नाही गेलं तर शुद्ध सॉल्व्हंटचा थेंब टाकून ऑप्टिक्सचा टिश्यू एकाच दिशेने, न दाबता ओढा आणि तो टिश्यू फेकून द्या. दुसऱ्यांदा वापरू नका, कितीही स्वच्छ दिसला तरी. आणि इन्सर्ट मोल्डमधून उतरवला की टेबलावर तोंडघशी ठेवायचा नाही. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आधी दोषाची चाल ओळखा

लेन्सवर काय दिसतंय याच्या आधी, ते किती लेन्सवर आणि कुठे दिसतंय हे बघा. एकाच कॅव्हिटीच्या (मोल्डमधल्या एका खाचेच्या) लेन्सवर येत असेल तर इन्सर्ट, गेट (प्लास्टिक आत शिरायचं तोंड) किंवा त्या कॅव्हिटीचं कूलिंग. सगळ्या कॅव्हिट्यांत पण ठरावीक वेळेपासून सुरू झालं असेल तर लिक्विड, नायट्रोजन, दिवे किंवा कपांचा लॉट. कुठेही, कसंही, विखुरलेलं असेल तर धूळ आणि हात. एवढं केलं तरी आमचे ते तीन दिवस वाचले असते. ताईंनी 'पाच नंबर' म्हटल्यावर लिक्विडच्या बाटलीकडे जायचं कारणच नव्हतं. लिक्विड खराब असतं तर आठही खण बोंबलले असते.

ताजा कप, शिळा कप

या चुकीवर मी सगळ्यात जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

पॉलिप्रॉपिलीन मोल्डमधून निघाल्यावरही आकसत राहतं. त्याचे रेणू थंड होतानाच नव्हे, नंतरही रांगेत बसत राहतात, आणि कप पहिल्या एक-दोन दिवसांत हळूहळू बारीक होतो. पॉलिस्टायरीनचं तसं नाही. ते मुळात कमी आकसतं आणि लवकर स्थिरावतं. म्हणजे सकाळी काढलेला कप आणि परवाचा कप, दोन्ही एकाच इन्सर्टचे, एकाच सेटिंगचे, तरी मापाने वेगळे.

फरक किती? चष्म्याच्या भाषेत मांडून बघू. फुगलेल्या साध्या हायड्रोजेल लेन्सचा अपवर्तनांक साधारण १.४४, आणि पुढच्या बाजूची त्रिज्या ८.६ मिमी धरा. त्या एका बाजूची ताकद झाली ०.४४ भागिले ०.००८६, म्हणजे सुमारे ५१ डायॉप्टर. मागची बाजू ते सगळं खाऊन वर थोडं जास्तच खाते आणि उरतं ते आपलं उणे दोन, उणे तीन. आता दोन्ही कप सारखेच आकसले तर दोन्ही बाजू बरोबर सरकतात आणि पॉवर जवळपास जिथल्या तिथे राहते. पण फीमेल आजचा आणि मेल परवाचा बसवला, आणि दोघांच्या त्रिज्येत निव्वळ अर्धा टक्का फरक पडला, तर ५१ चा अर्धा टक्का म्हणजे पाव डायॉप्टर. आयएसओ १८३६९ या कॉन्टॅक्ट लेन्सच्या मानकात उणे-अधिक १० पर्यंतच्या पॉवरला सॉफ्ट लेन्ससाठी सूट आहे तीच मुळी पाव डायॉप्टरची. सगळी सूट एका मिश्रणात गेली. बाकीच्या चुकांना मग जागाच उरत नाही.

आमच्याकडे हे व्हायचं सोमवारी. शनिवारचे मेल कप उरलेले असायचे, फीमेल संपलेले. सुपरवायझर बचतीचा माणूस. तो ताजे फीमेल काढून जुन्या मेलशी जोडी लावायचा. सोमवारची पॉवर डळमळायची, मंगळवारी आपोआप ठीक व्हायची, आणि आम्ही मशीनला दोष द्यायचो. उपाय साधा आहे : कप काढल्याची तारीख आणि वेळ प्रत्येक क्रेटवर लिहा, वापरायची खिडकी ठरवा (इतक्या तासांआधी नाही, इतक्या तासांनंतर नाही), आणि जोडी त्याच खिडकीतल्या कपांचीच लावा. खिडकी किती तासांची हे तुमचा प्लास्टिकचा दाणा, तुमचं कूलिंग आणि तुमची खोली ठरवते. इंटरफेरोमीटरवर (प्रकाशाने पृष्ठभाग मोजणाऱ्या यंत्रावर) दर काही तासांनी तेच कप मोजून आलेख काढा. जिथे आलेख आडवा होतो तिथून खिडकी सुरू.

जाता जाता : दाण्याचा ग्रेड बदलला की हा आलेख पुन्हा काढायचा. 'तोच पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आहे हो' या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

कपात शत्रू, बाटलीत मित्र

पिकवून काढलेली लेन्स वरून चिकट लागते, कपाला धरून बसते किंवा फुगवल्यावर एका बाजूला वाकडी होते. पहिला संशय दिव्यांवर जातो. दिवे बहुतेक वेळा निर्दोष असतात. खरा चोर ऑक्सिजन.

हेमा, म्हणजे सॉफ्ट लेन्सचा जुना आणि आजही चालणारा मोनोमर, फ्री रॅडिकलने (साखळी जोडत नेणाऱ्या अस्थिर रेणूंनी) पिकतो, आणि ऑक्सिजन ते रॅडिकल गिळतो. म्हणून पिकवायची जागा नायट्रोजनखाली ठेवतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते हे की पॉलिप्रॉपिलीन स्वतः ऑक्सिजन धरून ठेवतं. बाहेर कितीही नायट्रोजन सोडा, कपाच्या भिंतीतला ऑक्सिजन पिकताना लेन्सच्या पृष्ठभागात उतरतो आणि नेमका तोच थर कच्चा राहतो. म्हणून कप भरण्याआधी व्हॅक्यूममध्ये किंवा पुरेसा वेळ नायट्रोजनमध्ये ठेवावे लागतात. आणि दोन्ही! आमच्याकडे एकदा फक्त फीमेल ठेवले गेले, मेल थेट क्रेटमधून आले. लेन्सची पुढची बाजू घट्ट पिकली, मागची पोचट. पाण्यात टाकल्यावर दोन बाजू वेगवेगळ्या फुगल्या आणि लेन्स तळलेल्या पापडासारखी वळली.

आता याची दुसरी बाजू, जी मला एका केमिस्टने शिकवली आणि तोवर मी उलटंच करत होतो. नायट्रोजन चांगला म्हणून मी हेमाच्या बाटलीतही नायट्रोजन भरून ठेवायचो. हेमा साठवणीत आपोआप पिकू नये म्हणून त्यात एमईएचक्यू नावाचा रोधक टाकलेला असतो, आणि त्या रोधकाला काम करायला थोडा विरघळलेला ऑक्सिजन लागतोच. बाटलीतला ऑक्सिजन हाकलला तर रोधक लुळा पडतो. बाटलीतला हेमा घट्ट होऊ शकतो, तापूही शकतो. साठवताना बाटलीत वर हवा राहू द्यायची. नायट्रोजन फक्त मिश्रण कपात जाण्याच्या टप्प्यावर.

व्यास वाढतोय की घटतोय?

लेन्सचा व्यास हळूहळू सरकू लागला की तो कोणत्या दिशेने सरकतोय हे नीट बघा, कारण जुन्या हेमातल्या दोन अशुद्धी दोन विरुद्ध दिशांना ओढतात. हेमा पाण्याच्या संपर्काने तुटून मेथाक्रिलिक आम्ल तयार झालं असेल तर लेन्स जास्त पाणी पिते आणि मोठी होते; शिवाय सलाइनच्या पीएचप्रमाणे तिचं माप हलतं. ईजीडीएमए हा जोड देणारा घटक जास्त झाला असेल तर जाळं घट्ट विणलं जातं, लेन्स कमी फुगते आणि लहान राहते. साध्या पॉलिहेमाच्या लेन्समध्ये पाणी सुमारे ३८ टक्के, आणि कोरडी लेन्स पाण्यात लांबी-रुंदीने साधारण सव्वापटीच्या आत फुगते. म्हणजे कोरड्या मापातली प्रत्येक चूक पाण्यात वाढून समोर येते.

आपल्याकडे पावसाळ्यात यात एक भर पडते. फ्रिजमधली थंड बाटली काढून लगेच झाकण उघडलं की त्र्यंबक रोडवरचं सगळं धुकं जणू आत शिरतं. हेमा ओलावा ओढतो. बाटली बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरचा घाम पुसा, मग उघडा. आणि डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण : निफाडला पारा एक आकडी झाला की आमच्या शेडमध्येही सकाळची शिफ्ट कुडकुडते. मिश्रणात ग्लिसरॉलसारखा डायल्युएंट (भर घालणारा, स्वतः न पिकणारा द्रव) असेल तर ते थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, सुईतून तुटक पडतं, बुडबुडे धरतं. डोस मोजून दोन आकडी मायक्रोलिटरचा. त्यात एक बुडबुडा म्हणजे लेन्समध्ये थेट खड्डा. शेडचं तापमान सांभाळा, नाहीतर निदान लिक्विडच्या टाकीचं आणि नळीचं तरी.

सगळेच खड्डे मात्र बुडबुड्याचे नसतात. मोनोमर पिकताना आकारमानाने बराच आकसतो, निव्वळ हेमा तर जवळपास पाचवा हिस्सा. कप दोन्ही बाजूंनी ताठ असतील तर आकसणाऱ्या द्रवाच्या मागे काही येत नाही आणि पोकळी उरते. म्हणून कपाची कड किंचित लवचिक करतात, की मेल खाली उतरत जावा. किंवा डायल्युएंट घालून पुढे त्याची जागा पाण्याला देतात. ओळखायची खूण : बुडबुडा गोल आणि धारदार कडेचा असतो, आकसण्याची पोकळी वेडीवाकडी, डबक्यासारखी, आणि बहुधा कडेजवळ. पहिल्यासाठी सुई बघा, दुसऱ्यासाठी कपावरचं वजन आणि बसण. वजन जास्त झालं तर कडेला फ्लॅश (जास्तीचा पापुद्रा) येतो, तेही लक्षात असू द्या.

सोडवण्याची घाई

लेन्स कपातून सोडवताना कड फाटणं हा डोकेदुखीचा दोष आहे, आणि जुना आहे. सॉफ्ट लेन्सचे जनक ऑटो विख्टर्ले यांनीही सुरुवातीला बंद साच्यात लेन्स ओतून पाहिली होती; साचा उघडताना कडा फाटायच्या. शेवटी त्यांनी उघड्या, फिरत्या साच्याचा मार्ग धरला. १९६१ च्या नाताळात प्रागमध्ये घरच्या टेबलावर मुलांच्या मेर्कुर या खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो वापरून त्यांनी ते यंत्र जुळवलं. बंद साच्याचं कोडं पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या लवचिक कपांनी सोडवलं. पण कोडं सुटलं म्हणजे घाई केली तर चालतं असं नाही.

मेल कप सरळ वर ओढा, तिरका नको. लेन्स कोणत्या कपात राहायला हवी हे आधी ठरवा आणि रोज तीच बाजू मिळतेय का बघा. कधी मेलमध्ये, कधी फीमेलमध्ये राहू लागली तर समजा की पिकणं किंवा कपाचा पृष्ठभाग बदलतोय. मेलबरोबर कडेचं सांडलेलं पिकलेलं कडं निघून यायला हवं. ते मागे राहिलं आणि कोणी नखाने काढलं तर कड गेलीच म्हणून समजा.

दिवे

दर आठवड्याला रेडिओमीटरने (प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राने) मोजा, ट्रेच्या मध्यात आणि चारही कोपऱ्यांत. दिवा डोळ्याला निळाच दिसतो, पण आतून म्हातारा होत जातो. बस.

मोजमाप वीस अंशांवर

आयएसओमध्ये सॉफ्ट लेन्स मोजायची ती प्रमाणित सलाइनमध्ये, २० अंशांवर स्थिरावल्यानंतर. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये बशीतल्या सलाइनचं तापमान न बघता मोजमाप घेतलं आणि सगळा लॉट बाद केला, असं आमच्याकडे झालंय. लेन्स बरोबर होत्या, बशी गरम होती. हायड्रेशन पूर्ण होण्याआधी मोजणं हीही त्याचीच धाकटी बहीण.

आणि फुगवण्याच्या पाण्यात कच्चा मोनोमर उतरतो हे विसरून पाणी बदलायला कंजूषपणा करू नका. उरलेला मोनोमर डोळ्याला चुरचुरतो. घेणारा परत येत नाही, आणि का परत आला नाही हे तुम्हाला कधी कळतही नाही. हा माल वैद्यकीय उपकरण आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली परवाना लागतो. 'घरी प्रयोग करून बघतो' म्हणणाऱ्यांना माझं हात जोडून नको.

ऑटोक्लेव्ह आणि नाशिकची उंची

सुरुवातीच्या चाचणीचे लॉट आम्ही काचेच्या व्हायलमध्ये भरून लॅबच्या उभ्या ऑटोक्लेव्हला लावायचो. काटा १५ पीएसआयवर आला की पंधरा मिनिटं मोजायची. पुस्तकात तसंच होतं : १५ पीएसआय म्हणजे १२१ अंश. पण ते समुद्रसपाटीचं गणित. काटा बाहेरच्या हवेच्या वर किती ते दाखवतो, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर आहे, म्हणजे बाहेरची हवाच पातळ. त्याच १५ वर इथे आत साधारण १२० अंशच होतात. एका अंशाने काय होतं? जंतू मारण्याची गती सुमारे एक पंचमांशाने घटते. तुमची पंधरा मिनिटं खरी बारा ठरतात. आत हवा अडकली असेल तर त्याहून कमी.

ब्लिस्टरमध्ये (लेन्सच्या सीलबंद प्लास्टिक पाकिटात) तर काट्याकडे बघायचंच नाही. ब्लिस्टर फुटू नये म्हणून आत जास्तीची हवा दाबून भरतात, त्यामुळे दाब आणि तापमान यांचं नातंच तुटतं. लोडच्या सगळ्यात थंड जागी, व्हायल किंवा ब्लिस्टरच्या आत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवून तापमान बघा. तोच खरा साक्षीदार.

रंगपंचमीनंतरचा दिवस

विखुरलेल्या डागांची सगळ्यात मजेशीर केस. एके वर्षी मार्चमध्ये लेन्सवर सूक्ष्म गुलाबी-हिरवे ठिपके आले. पॉलिप्रॉपिलीन कोरड्या हवेत स्थिर विजेने भारतं आणि आसपासचं कण न् कण ओढतं, हे माहीत होतं. स्थिर वीज घालवणारा आयोनायझर चालू होता. मग रंग कुठून? आदल्या दिवशी रंगपंचमी, आणि अर्धी शिफ्ट जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारून आलेली. केस धुतलेले, पण कानामागे, नखांत, भुवयांत रंग. टोपी भुवया झाकत नाही. तेव्हापासून रहाडीच्या दुसऱ्या दिवशी ती मंडळी पॅकिंगला बसतात आणि क्लीनरूममध्ये सुट्टी न घेणारे जातात. सुट्टी कोणाची रद्द करायची नाही. नाशकात रहाड सोडा म्हणून कोणी ऐकत नाही.

पाच नंबरच्या प्रकरणानंतर एक जास्तीचं काम केलं. कपाच्या कडेवर कॅव्हिटीचा नंबर आधीपासून होताच, पण लेन्स कपातून सुटली की ती अनाथ. मग आठातली कोणाची, कोण सांगणार? त्यासाठी हायड्रेशनच्या ट्रेवर खणांचे नंबर स्केचपेनने लिहिले होते, ते दोन आठवड्यांत सलाइनने पुसून टाकले. आता ट्रेच कोरून घेतलेत, अंबडमध्येच, नावाच्या पाट्या कोरणाऱ्याकडून.